मेणाखाली कोंडलेले पाणी

सुऱ्यांना मुठी बसवण्याचे काम मी पुण्यात घरीच करतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आफ्रिकन एबनीचे, म्हणजे आबनूस या काळ्या, कठीण लाकडाचे, तीन ठोकळे 7,500 रुपयांना घेतले. ‘दहा वर्षे सुकवलेले, आर्द्रता 9 टक्के’ असे त्याने लिहून दिले होते आणि आर्द्रतामापकाचे छायाचित्रही पाठवले होते. ठोकळ्यांवर सर्व बाजूंनी मेणाचा थर होता. तो चकाकी टिकावी म्हणून दिला आहे, हे त्याचे म्हणणे मी खरे मानले.

मी फसलो तो तेथेच. ओल्या लाकडातले पाणी टोकांकडून फार वेगाने उडते आणि टोके फाटतात, म्हणून त्यांना मेण लावण्याची रीत योग्यच आहे आणि एबनीला तर पुष्कळदा चहूबाजूंनी लावतात. परंतु त्याने पाणी आत कोंडून राहते, लाकूड सुकल्याचा तो पुरावा नव्हे. मापकाच्या सुयाही इतक्या कठीण लाकडात जेमतेम शिरतात, त्यामुळे आकडा वरवरचाच मिळतो.

पावसाळी हवेत काहीच उघड झाले नाही. सप्टेंबरमध्ये पितळी खिळे ठोकून दोन सुऱ्या पूर्ण केल्या. एक आईला दिली, दुसरी एका स्नेह्यांना. मार्चअखेर आई म्हणाली, “अरे, ही हाताला बोचते रे.” लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत मात्र आटते, त्यामुळे मुठीच्या दोन्ही कडांना मिळून, लाकडांमधून जाणाऱ्या पात्याचे जवळजवळ 1 मिलिमीटर पोलाद उघडे पडले होते. एप्रिलमध्ये खिळ्यापासून टोकापर्यंत तडा गेला आणि स्नेह्यांच्या सुरीचेही तसेच झाले.

उरलेल्या ठोकळ्याचे मेण खरवडून, टोक टाकून, आतली एक चकती कापली. ती 20.7 ग्रॅम भरली. 103 अंश सेल्सिअसला, वजन घटायचे थांबेपर्यंत, ओव्हनमध्ये ठेवल्यावर 16.5 ग्रॅम उरली. गेलेल्या पाण्याला कोरड्या वजनाने भागले की आर्द्रता मिळते. ती 25 टक्के निघाली. हा हिशेब विक्रेत्याला पाठवला. ‘घडवलेला माल परत घेत नाही, दोष पुण्याच्या उन्हाळ्याचा आहे,’ एवढेच उत्तर आले. या उत्तराने मला पैशांपेक्षा अधिक दुखावले, कारण सुकलेले लाकूडही ऋतूनुसार थोडे हलते हे खरे असले, तरी एवढे हलत नाही, आणि हे त्याला ठाऊक नसणे शक्य नाही.

विदेशी लाकूड घेणाऱ्यांनी ठोकळा हाती येताच त्याचे वजन करून तारखेसह त्यावरच पेन्सिलीने लिहावे आणि परतीची मुदत सरण्यापूर्वी चकतीची परीक्षा करावी. त्यासाठी एक तुकडा गमवावा लागला तरी हरकत नाही. लाकूड ओले निघाले व परत करता आले नाही, तर फक्त टोकांवर मेण राहू द्यावे, बाजू मोकळ्या कराव्यात आणि खाली पट्ट्या देऊन ते सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावे. उन्हात किंवा घाईने ओव्हनमध्ये ठेवल्यास ते तडकते.

माझा तो ठोकळा चकती कापल्यानंतर 197 ग्रॅमचा होता. 10 टक्के आर्द्रतेला तो 173 ग्रॅमच्या आसपास यायला हवा. आज तो 183 वर आहे.