पोर्ट कॉल सांभाळायचं सॉफ्टवेअर, दीड वर्ष वापरून झालं

आमची शिप एजन्सी, म्हणजे बंदरात येणाऱ्या जहाजाची सगळी कामं बघणारी कंपनी, तशी छोटी, ९ माणसं, बेलापूरला ऑफिस, जहाजं मुंबई पोर्ट नाहीतर जयगड, कधीमधी न्हावाशेवा. दीड वर्षापूर्वी मालकांनी पोर्ट कॉल (जहाज बंदरात येऊन काम करून सुटेपर्यंतचं सगळं) मॅनेज करायचं एक परदेशी सॉफ्टवेअर घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली बोंब पण मारणार आहे.

त्याआधी सगळा कारभार व्हॉट्सॲप आणि एक्सेलवर. एका जहाजाचे सहा ग्रुप, ओनरचा वेगळा, चार्टररचा (जहाज भाड्याने घेणारा) वेगळा, लाँचवाला (जहाजापर्यंत माणसं नेणारी बोट), चँडलर (जहाजाला सामान पुरवणारा), स्टीव्हडोर (माल चढवणारा-उतरवणारा), पाण्याची बार्ज, आणि ईटीए (जहाज पोचायची अंदाजे वेळ) बदलला की सहाही ठिकाणी टाकायचा, त्यात एक ग्रुप हमखास राहायचा आणि तो नेमका पाण्याच्या बार्जचा असायचा. आता जहाज नॉमिनेट झालं की जॉब उघडायचा, टेम्प्लेट निवडायचं, कामांची यादी आपोआप पडते. पीडीए (खर्चाचा आधीचा अंदाज), प्री-अरायव्हलचे पेपर, पायलट, गोडं पाणी, क्रू चेंज, कचरा उतरवणं, शेवटी एफडीए (खर्चाचा अंतिम हिशोब), आणि प्रत्येकापुढे कुणी करायचं त्याचं नाव. ईटीए सरकवला की खालची सगळी कामं सरकतात. पावसाळ्यात ईटीए दिवसातून तीनदा हलतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात मी प्रेमातच पडलो होतो.

पण पैसे खरे वसूल झाले ते एसओएफमध्ये. ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी, एसओएफ म्हणजे स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स, जहाज कधी आलं, एनओआर (जहाज कामाला तयार असल्याची नोटीस) कधी दिली, कधी बांधलं, काम कधी सुरू कधी बंद, सगळा मिनिटामिनिटाचा हिशोब. ह्याच्यावरूनच लेटाईम (माल चढवा-उतरवायला ठरलेला वेळ) निघतो आणि डेमरेज (तो वेळ ओलांडल्याचे पैसे) कोणाच्या बोकांडी बसणार ते ठरतं. गेल्या जुलैत खताचं जहाज होतं, चार्टर पार्टीत (जहाज भाड्याच्या करारात) वेदर वर्किंग डे, म्हणजे पावसामुळे काम थांबलं तो वेळ लेटाईममध्ये धरायचा नाही. खत भिजलं की गेलं, म्हणून चार थेंब पडले की हॅच (मालाच्या खणाचं झाकण) बंद. आमचा बोर्डिंगचा, म्हणजे जहाजावर जाणारा पोरगा ह्या वेळा आधी सिगारेटच्या पाकिटावर लिहायचा, खोटं नाही सांगत. आता मोबाईलवर पावसाचं बटण दाबतो, बंद हॅचचा फोटो काढतो, वेळ आपोआप बसते, रेंज नसेल तर फोनमध्ये साठवून नंतर चढवतं. जहाज सुटायच्या आधी कॅप्टन म्हणतो तिसऱ्या रात्री पाऊस सव्वा तासच होता, रिसीव्हरचा (माल घेणाऱ्याचा) माणूस म्हणतो तीन तास. फोटो उघडले, ०१:४० ला हॅच बंद, ०३:५५ ला उघडले. दोघंही चूक :) दहा मिनिटांत सह्या. आधी अशा वेळी ‘अंडर प्रोटेस्ट’ (हरकत ठेवून) लिहून सही व्हायची आणि पुढे महिनाभर ईमेलवर कुस्ती.

आता बोंब. नवीन युजर बनवला की टाईमझोन आपोआप सिंगापूर पडतो. आमच्या नवीन आलेल्या मुलीचं प्रोफाईल तसंच राहिलं. मी जहाज अँकरेजला (नांगर टाकायच्या जागी) पोचायची वेळ ०६:०० टाकली, तिच्या स्क्रीनवर ०८:३०, आणि ही वेळ कुठली ते बाजूला कुठेच नाही. तिने लाँच साडेआठची सांगितली. साइन ऑफ होणारे (ड्युटी संपवून घरी जाणारे) तिघं बॅगा घेऊन अडीच तास जहाजाच्या शिडीजवळ, कॅप्टन फोनवर मला फाडून खातोय, इमिग्रेशन बाकी, दुपारचं फ्लाईट. पोचले कसेबसे. त्या पोरीला ओरडा बसला, खरं तर तिची काय चूक? सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं ‘वर्किंग ॲज डिझाइन्ड’. चार महिन्यांनी वेळेपुढे आयएसटी दिसायला लागलं, म्हणजे डिझाइन बदललं वाटतं.

दुसरं, विकताना सांगितलं होतं की सगळे व्हेंडर ॲपवर येणार. भाऊच्या धक्क्यावरच्या आमच्या लाँचच्या सारंगाला स्वतः जाऊन ॲप टाकून दिलं. तो म्हणाला, “साहेब, ते ॲपबिप राहू द्या, फक्त टाईम बोला.” बरोबरच आहे त्याचं, एक हात सुकाणूवर, वर पाऊस, ओल्या बोटांनी तो पासवर्ड टाकत बसणार का. शेवटी कामाला आली ती बिनलॉगिनची लिंक, एसएमएसवर जाते, उघडली की दोनच बटणं, ‘निघालो’ आणि ‘पोचलो’. चँडलर आणि पाणीवाला पण तेवढंच वापरतात. ही सोय सेटिंगमध्ये अशी कोपऱ्यात लपवलीय की आम्हाला सहा महिन्यांनी सापडली. तुम्ही कुठलंही घेणार असाल तर डेमोत डॅशबोर्डचे रंग बघत बसू नका, पहिलं हे विचारा की लाँचवाला लॉगिन न करता काय काय करू शकतो.

सरकारी पोर्टलशी मात्र काही जोडलेलं नाही. आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) १ जानेवारी २०२४ पासून मेरिटाईम सिंगल विंडो सक्तीची केली, हेतू हा की जहाजाची माहिती एकदाच भरायची. आमची क्रू लिस्ट एकदा इकडे आणि पुन्हा पोर्टलवर, दोनदा टाईप होते, आणि पासपोर्टचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की शोअर पास (क्रूला बंदरावर उतरायची परवानगी) अडकलाच.

रेट डॉलरमध्ये, माणशी, दर महिन्याला. नुसते फोटो चढवणाऱ्यालाही पूर्ण सीट लागते, हे जरा अतीच आहे. परवा रिन्यू केलं तेव्हा ९ च्या जागी ५ सीट घेतल्या, बाकीच्यांचं लिंकवर भागतं. पाकिटावर लिहिणाऱ्या पोराला मात्र पूर्ण सीट ठेवलीय, मालकांची नाही ठेवली.