शेवटच्या घटकेचा पश्चात्ताप की रोजची तयारी?

मरण केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ख्रिस्ती माणसासमोर दोन वाटा उरतात : देवाशी समेट आजच करून त्यात दररोज राहणे, किंवा तो शेवटच्या घटकेवर सोपवणे. दुसरी वाट निव्वळ आळशांची आहे, असे म्हणता येणार नाही. बाप्तिस्म्यानंतर, म्हणजे पापे धुणाऱ्या पाण्याच्या दीक्षाविधीनंतर, हातून घडणाऱ्या पापांच्या धास्तीने चौथ्या शतकात अनेक जण हा विधीच लांबणीवर टाकत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननेही तो ३३७ मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यावर घेतला. शिवाय लूकच्या शुभवर्तमानाच्या २३व्या अध्यायातील, येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला गुन्हेगार आहेच. त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. मात्र त्याने संधी जाणूनबुजून पुढे ढकलली होती, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही, हे त्याचा दाखला देणारे सहसा विसरतात.

उलट मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातील दृष्टांतात दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारी पाहाव्यात. वराला उशीर होतो, दहाही जणींना झोप लागते, मध्यरात्री हाक येते. पाच जणींचे दिवे विझू लागलेले असतात, आणि त्या तेल विकत आणायला गेल्या असताना दार बंद होते. येथे झोपेला दोष दिलेला नाही. फरक केवळ उरलेल्या पाच जणींनी भांड्यात बरोबर आणलेल्या तेलाचा आहे, म्हणजेच रोजची तयारी ही धास्तावून जागे ठेवणारी नव्हे, तर निर्धास्त झोपू देणारी आहे. मला हीच वाट अधिक माणुसकीची वाटते, कारण औषधांच्या गुंगीत असलेल्या रुग्णाकडून पापकबुलीची अपेक्षा धरणे अवघड असते. तिची रीतही साधी आहे : निजण्यापूर्वी दिवसाचा हिशेब देवापुढे मांडावा, आणि कोणाशी बिनसले असेल तर सूर्य मावळण्याआधी मिटवावे.