सिटी फील्ड: मैदानाला पाच तारे, मेट्सला अडीच

सिटी फील्ड म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल संघाचं मैदान. जॅक्सन हाइट्सहून ७ नंबरची ट्रेन, घरचा डबा आणि अगदी वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट. डोक्यावरून लाग्वार्डियाची विमानं घरघरत जातात. आपल्या गड्याने होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारला की मैदानामागून ते भलंमोठं लाल सफरचंद वर येतं, आणि पन्नाशीतही मी टाळ्या पिटतो. जागेबद्दल तक्रार शून्य.

तक्रार आहे ती संघ निवडणाऱ्यांबद्दल. फलंदाज हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले. द्या, तो खेळलाही. पण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे? २०२५ मध्ये १२ जूनपर्यंत ४५ विजय, २४ पराभव. त्याच दिवशी पिचर सेंगाचा स्नायू दुखावला आणि घसरण सुरू झाली. जुलैअखेर नवे खेळाडू घेण्याची वेळ आली तेव्हा हेल्सली, रॉजर्स असे शेवटच्या डावांचे पिचर आणले, सुरुवात करणारा एकही नाही. म्हणजे सलामीवीर जायबंदी आणि आपण अकरावा गडी शोधतोय! नवख्या मॅक्लीनने ऑगस्टपासून अब्रू राखली, तरी शेवट ८३-७९. अखेरच्या दिवशी मायामीकडून ०-४ हार, प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, हुकली.

वर डिसेंबरात फलंदाज अलोन्सोलाही जाऊ दिलं. मेट्ससाठी २६४ होमरन, संघाचा विक्रम! बायको म्हणते, त्याची २० नंबरची जर्सी आता पुसायला घ्या.

नाही घेणार. पुढच्या मोसमात तीच घालून जाईन. डबा मात्र दोघांचा.