व्हिएतनाम स्वस्तात फिरायचंय, तर गाईडबुक कुठलं घ्यायचं

यूट्यूब असताना गाईडबुकला पैसे कशाला घालायचे असं आमच्या ग्रुपवर दर वेळी कोणीतरी विचारतंच, तर सरळ सांगतो, हॉटेल शोधायला घालणार असाल तर नकाच घालू. हॉस्टेलं, खानावळी आणि त्यांचे दर हा पुस्तकातला सगळ्यात नाशवंत माल, लेखक फिरून येणार, मग छपाई, मग ते आपल्या हातात पडणार, तोवर निम्मं शिळं झालेलं असतं आणि कोविडमध्ये तर कित्येक जागा कायमच्या बंदच झाल्या. एका गाईडमध्ये (नाव नको) कौतुक केलेल्या हनोईच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर मला नेल पार्लर सापडलं, आणि तिथल्या बाईंच्या चेहऱ्यावरून स्पष्ट कळत होतं की पाठीवर सॅक घेऊन दारात येणारा मी काही पहिला नाही.

तरीपण मी पुस्तक घेतो, ते बाकीच्या गोष्टींसाठी. उदाहरणार्थ हनोईचं ओल्ड क्वार्टर. आपल्या पुण्यात तांबट आळी, बोहरी आळी आहे ना तसंच तिथे मालावरून रस्ते, हांग बाक चांदीवाल्यांचा, हांग गाय रेशमाचा, हांग मा कागदी सामानाचा, आणि एकच सरळ रस्ता दोनतीन चौकांत दोनतीन नावं बदलतो. मोबाईलच्या निळ्या ठिपक्यावर चालत राहिलं तर पोचतो आपण, पण कुठून कुठे आलो ते काही डोक्यात बसत नाही. कागदी नकाशा एकदा चहा पिताना नीट बघितला की बसतं. इथे लोनली प्लॅनेटच्या गाईडबुकला तोड नाही, नकाशे आणि पायी फिरायचा मार्ग दोन्ही चोख.

दुसरं म्हणजे ट्रेन. हनोई ते हो ची मिन्ह सिटी 1726 किलोमीटर, सलग बसलात तर तीस तासांच्या वर, तेवढं कोणी बसू नये. पण ह्युए ते दा नांग हा तुकडा बसने किंवा विमानाने केलात तर वाईट वाटेल, रूळ हाय व्हान घाटात समुद्राला चिकटून जातात, आणि दक्षिणेकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी पकडायची. असली एक ओळ बरोबर जागी वाचायला मिळाली की माझ्या मते पुस्तक वसूल.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. ही सगळी पुस्तकं गोऱ्या पासपोर्टवाल्यांना समोर धरून लिहिलेली आहेत, त्यामुळे व्हिसाचं पान उघडूच नका. अमुक देशाला इतके दिवस माफ वगैरे जे असतं त्यात आपण नाही, आपल्याला ई-व्हिसा काढावाच लागतो, तो सरकारी साईटवरूनच काढा. मोटरबाईकचा भाग मात्र नक्की वाचा. व्हिएतनाम 1968 च्या आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतूक करारावरचं इंटरनॅशनल लायसन्स मानतं आणि आपल्या आरटीओतून मिळतं ते 1949 च्या करारावरचं, म्हणजे उत्तरेतल्या डोंगराळ 'हा जिआंग' भागात भाड्याची बाईक कोणीही हसत हसत देईल पण पोलिसांनी अडवलं किंवा पडलात तर इन्शुरन्सवाले हात वर करणार. पुस्तकात हे अमेरिकन लोकांना उद्देशून लिहिलेलं असतं, आपल्यालाही तेच लागू. मोटरबाईकचा एवढा हट्टच असेल तर मागे बसा, चालवणारा माणूस मिळतो.

व्हेज लोकांनी दुकानातच अनुक्रमणिका काढून शाकाहाराचं पान शोधा आणि तिथे उभ्या उभ्या वाचा, 'भात आणि भाज्या सगळीकडे मिळतात' एवढंच लिहिलं असेल तर ठेवून द्या. मिळतात हो, पण त्यात फिश सॉस असतो. 'कॉम चाय' पाटीची खानावळ शोधायची, बौद्ध लोकांची असते, मांस नाही, फिश सॉस नाही, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोकही शाकाहारी जेवतात तेव्हा अशा ठिकाणी ही गर्दी असते. हे ज्या पुस्तकात धड सांगितलंय ते घ्या, छापणारा कोणी का असेना.

रफ गाईड या दुसऱ्या गाईडबुकबद्दल: शेवटी इतिहास, धर्म, युद्ध यावर मोठा भाग असतो आणि तो खरंच वाचनीय, ह्युएचा किल्ला किंवा कु चीचे युद्धातले बोगदे बघायच्या आदल्या रात्री वाचावा. नकाशे ठीकठाक. मला कोणी एकच निवड म्हटलं तर वाचायला रफ गाईड, रस्त्यावर लोनली प्लॅनेट, आणि भांडणच लागलं तर लोनली प्लॅनेट. पण त्याच्या नव्या आवृत्त्यांत फोटो वाढलेत आणि हॉटेल-खानावळींच्या याद्या कमी झाल्यात, जुने भक्त त्यावरून कुरकुरतात, मला चालतं कारण याद्यांचं काय होतं ते वर सांगितलंच. डीके प्रकाशनाचं गाईडबुक दिसायला देखणं, गुळगुळीत कागद, वजन विटेएवढं, घरी टीपॉयवर ठेवायला छान.

'साऊथईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग' हे लोनली प्लॅनेटचं 1975 पासूनचं गाजलेलं पिवळं पुस्तक, बॅकपॅकर त्याला बायबल म्हणायचे. तीनचार महिने, पाचसहा देश असा प्लॅन असेल तरच घ्या. नुसतं व्हिएतनाम करायचं असेल तर बाकीच्या देशांची पानं उगाच खांद्यावर. लोक लागतात तेवढी पानं फाडून नेतात म्हणे, पण पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारे आपण, आपल्याच्याने काय ते होणार नाही.

किंडलवर घेऊ नका, नकाशा बोटांनी मोठा करता करता रस्त्यावरचा सिग्नल सुटतो. पैसे वाचवायचे असतील तर मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी प्रत बघा, इतिहास आणि गल्ल्या काही बदलत नाहीत, फक्त मागच्या बाजूला वर्ष तपासा, कोविडच्या आधीची असेल तर बसचे आणि बॉर्डरचे तपशील धरू नका, ते ताजे विकीव्हॉयेज या साईटवर फुकटात बघा. हनोईत रस्त्यावर विकायला येतात ती मात्र घेऊ नका, फोटोकॉपी असतात, नकाशात नेमकी लहान अक्षरं गेलेली असतात. आणि घेतलंच तर पैसे देताना नोट नीट बघा, वीस हजार डाँगची पण निळी आणि पाच लाखांची पण निळीच.