कोन्बिनी: गिऱ्हाईक म्हणून पैकीच्या पैकी, बाइतो म्हणून थोडे मार्क कमी

पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा 'कोन्बिनी' हा शब्द पहिल्याच महिन्यात आला आणि मी वहीत त्याचा अर्थ लिहिला 'किराणा दुकान'. साफ चूक. कोन्बिनी म्हणजे बहुतेक चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, जिथे खाण्यापासून बिल भरण्यापर्यंत सगळं होतं. टोकियोत येऊन आता दोन वर्षं झाली, त्यातलं दीड वर्ष मी कोन्बिनीच्या काउंटरमागे उभी राहून बाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम, करतेय, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते, कारण इकडे येणारी आपली मुलं मला सगळ्यात जास्त याबद्दलच विचारतात.

आधी गिऱ्हाईक म्हणून. आल्यावर 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो, आरोग्य विम्यात नाव घालायचं असतं, आणि मग थोड्या दिवसांनी घरी बारकोडवाल्या स्लिपा यायला लागतात. विम्याची, लाइटची, गॅसची, पाण्याची. माझ्याकडे तेव्हा धड बँक अकाउंट पण नव्हतं आणि मी त्या स्लिपा टेबलावर मांडून नुसती बघत बसले होते, शेवटी शेजारच्या खोलीतल्या नेपाळी मुलीने सांगितलं की अगं कोन्बिनीत जा, काही बोलायची पण गरज नाही, स्लिप पुढे कर आणि रोख पैसे दे. खरंच तसंच झालं. मुलाने बारकोड मारला, पैसे घेतले, स्लिपेवर शिक्का मारला, माझा तुकडा फाडून दोन्ही हातांनी परत दिला, एक मिनिट पण लागलं नसेल, आणि ते सुद्धा रात्री साडेअकराला! आपल्याकडे बिल एकीकडे, झेरॉक्स दुसरीकडे, कुरियर तिसरीकडे आणि एटीएम चालू असेल तिथे. इथे ते सगळं एका छपराखाली आहे, वर स्वच्छ टॉयलेट, आणि सेव्हन इलेव्हन या कोन्बिनीच्या एटीएममधून भारतातल्या कार्डवर पैसे निघाले तेव्हा तर मला हायसं वाटलं. पार्सल पण पाठवता येतं, सेव्हन इलेव्हन आणि फॅमिली मार्ट या कोन्बिनींतून यामातो या कुरियर कंपनीचं, लॉसन या तिसऱ्या कोन्बिनीतून पोस्टाचं. नोकरीसाठी जो बायोडाटा लागतो, रिरेकिशो, त्याचे कोरे फॉर्म पण तिथेच मिळतात, मी माझा पहिला फॉर्म कोन्बिनीतूनच घेतला आणि हाताने लिहून दुसऱ्या कोन्बिनीत नेऊन दिला.

आता खाणं, आणि इथे जरा थांबून वाचा, विशेषतः शाकाहारी असाल तर. मी अंडं खाते, मांस-मासे नाही. ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोण, बाहेर नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद, आणि त्याचं पाकीट फार डोकं लावून केलेलं आहे, 1, 2, 3 असे आकडे असतात त्या क्रमाने ओढलं की नोरी भाताला तेव्हाच लागते त्यामुळे कुरकुरीत राहते. उमेची, म्हणजे आंबट-खारट लोणच्याची, मला सगळ्यात जवळची वाटते, कैरीच्या जुन्या लोणच्याशी भात खाल्ल्यासारखं. पण 'उमे आहे म्हणजे व्हेज' असं समजू नका. इथे चवीसाठी कात्सुओ नावाच्या माशाचा अर्क कशातही घातलेला असतो. लोक सांगतात की लेबलवर शेवटी अ‍ॅलर्जीची यादी असते ती बघ, तिथे अंडं, दूध, गहू हे छापावंच लागतं, डुक्कर-गाय-कोंबडी पण बऱ्याचदा असते, पण कात्सुओ त्या यादीत येतच नाही! म्हणून वरची घटकांची पूर्ण ओळ वाचायची, आणि 'कात्सुओ' लिहिलेलं ओळखायला पहिल्या आठवड्यातच शिकायचं. मी पहिले दोन महिने हे न कळता खात होते आणि कळल्यावर खूप वाईट वाटलं होतं. अंड्याचं सँडविच मात्र छान असतं, मऊ पाव, सढळ हाताने भरलेलं. कॉफीचं मशीन पण चांगलं. थंडीत काउंटरवर ओदेन, म्हणजे रश्शात शिजवलेला मुळा, अंडी वगैरे, उकळत असतं, त्याचा वास फार मस्त येतो पण तो रस्सा माशाचाच असतो तेव्हा आपण वासावर समाधान मानायचं.

रोज तिथेच जेवायचं म्हणाल तर परवडत नाही. एक ओनिगिरी दीडशे ते दोनशे येनला पडते, दोन खाल्ल्या तरी पोट भरत नाही. तांदूळ, भाजी, दूध सुपरमार्केटमधून घ्या, संध्याकाळी उशिरा गेलात तर अर्ध्या किमतीचे स्टिकर लागलेले असतात. डाळ, पोहे, मसाले यासाठी निशीकासाई, तिथे भारतीय खूप राहतात आणि दुकानात कधीकधी मागून मराठी ऐकू येतं, मी मुद्दाम हळूहळू सामान घेते.

आता काउंटरच्या आतली बाजू. स्टुडंट व्हिसावर काम करायला वेगळी परवानगी लागते, रेसिडेन्स कार्डाच्या मागे तिचा शिक्का असतो. आठवड्याला 28 तास, लांब सुट्टीत दिवसाला 8. दोन ठिकाणी काम केलं तरी बेरीज 28 च, आणि आठवडा कुठल्याही वारापासून मोजला तरी 28 च्या वर जाता कामा नये. हे मोडलं तर व्हिसा वाढवताना अडकतं, त्यामुळे 'थोडं जास्त केलं तर कोणाला कळतंय' असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. टोकियोत किमान वेतन ऑक्टोबर 2025 पासून तासाला 1,226 येन आहे, आणि रात्री 10 ते पहाटे 5 पंचवीस टक्के जास्त.

पहिले काही आठवडे छातीवर 'शिकाऊ' असा बिल्ला असतो. मला त्या बिल्ल्याचा फार आधार वाटायचा. पुस्तकातलं जपानी आणि काउंटरवरचं जपानी यात खूप फरक आहे, मी विचारायचे पिशवी हवी का (जुलै 2020 पासून प्लास्टिक पिशवीचे पैसे लागतात म्हणून विचारावंच लागतं), समोरचा म्हणायचा 'दाइजोबु', मी शिकले होते दाइजोबु म्हणजे ठीक आहे, म्हणून पिशवी लावायचे. पण इथे त्याचा अर्थ 'नको, चालेल तसंच'. एका म्हाताऱ्या आजोबांनी मला हात हलवून दाखवला, न रागावता, आणि पुढच्या वेळेपासून ते स्वतःची पिशवी उंच धरून दाखवत यायला लागले, माझ्यासाठी. सिगारेटी नंबराने मागतात म्हणून आकडे पक्के हवेत. पार्सल घेणं, डबा गरम करणं, दारू असेल तर वयाचं बटण दाबायला सांगणं, मधेच तळलेलं चिकन, ट्रक आला की माल लावणं, जुनी तारीख पुढे नवी मागे, हे सगळं दोन माणसं करतात. बाहेरून जे इतकं सहज दिसतं ना, ते या दोन माणसांच्या पायांवर चाललेलं असतं.

मला सगळ्यात जड गेलं ते हाइकी, म्हणजे तारीख संपलेलं काढून टाकणं. चांगला दिसणारा भात, सँडविच, सगळं स्कॅन करून टाकून द्यायचं. घरी ताटात शीत राहिलं तरी आजी उठू द्यायची नाही. आजकाल रॅकवर 'पुढचं आधी घ्या' असे कागद लावलेले असतात, तेमाएदोरी म्हणतात त्याला, तेव्हा लगेच खाणार असाल तर कृपा करून मागचं ओढून काढू नका, पुढचं घ्या.

मार्क कापले ते माझ्या पहिल्या दुकानामुळे. युनिफॉर्म घालून 15 मिनिटं आधी उभं राहायचं आणि ती पंधरा मिनिटं हिशोबात नाहीत, शिफ्टनंतर गल्ला जुळवायला थांबलो तर ती पण नाहीत. कायद्याने मिनिटामिनिटाचे पैसे द्यायचे असतात हे मला माहीतच नव्हतं, शाळेतल्या सरांनी सांगितलं, मी चार महिन्यांनी सोडलं. आताचे तेन्चो, म्हणजे दुकानाचे मॅनेजर, असे नाहीत. पण त्यांची अवस्था बघून पण जीव तुटतो, कोणी आजारी पडलं की रात्रीची शिफ्ट ते स्वतः करतात आणि सकाळी परत असतात. 2019 मधे ओसाकाजवळच्या एका दुकानमालकाने माणसं मिळत नाहीत म्हणून रात्री दुकान बंद ठेवायला सुरुवात केली होती आणि त्यावर देशभर चर्चा झाली, 24 तास उघडं ठेवायलाच हवं का म्हणून. मला वाटतं नको. रात्री तीन वाजता एखाद दुसरं गिऱ्हाईक येतं.

तरी मी हेच काम घ्या म्हणेन, किचनमधे भांडी घासण्यापेक्षा भाषा कितीतरी लवकर येते, मी एन फोर (जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) घेऊन आले होते, आता फोनवर तक्रार पण घेऊ शकते. माझे चार दिवस 5 ते 10 आणि रविवारी 8 तास, बरोबर 28. इंटरव्ह्यूला जाल तेव्हा पगार मिनिटाने मोजतात का हे आधी विचारा, विचारलेलं कोणाला वाईट वाटत नाही, आणि ज्याला वाटलं त्याच्याकडे नका जाऊ.