धुळ्याच्या उन्हाळ्यात डिकँटर: नऊ महिने वापरून

भाऊबीजेला बहीण आली तेव्हा सोबत भाचा होता, आणि त्याच्या हातात मिठाईच्या खोक्याऐवजी हे काचेचं धूड: डिकँटर, म्हणजे पिण्याआधी बाटलीतली वाइन ओतून ठेवायचं भांडं. भाचा नाशिकला वाइनच्या धंद्यात आहे. "मामा, तुम्ही चांगली बाटली उघडता आणि पाच मिनिटांत संपवता, बघवत नाही." आईने खोक्यात डोकावून विचारलं, "हाई काय शे रे? सुरई शे का?" एका अर्थी सुरईच. फक्त सुरई पाणी गार करते, आणि ही वाइनला हवा खाऊ घालते.

वस्तू अशी: साधी, शिसं नसलेली क्रिस्टल काच, मान लांब, तळ जेवणाच्या ताटाएवढा रुंद. दीड लिटर मावतं, पण भरायचं अर्धंच. 750 मिलीची बाटली ओतली की वाइन बरोबर पोटाच्या सगळ्यात रुंद भागाशी येऊन थांबते. सगळी करामत त्या पसरण्यात आहे. आधी मी नुसतं बूच काढून बाटली तासभर टेबलावर ठेवायचो आणि 'श्वास घेतेय' म्हणायचो. बाटलीच्या मानेत हवेला भिडते ती वाइन जेमतेम एका नाण्याएवढी. तिने श्वास काय घ्यायचा? आता कळतं की ते स्वतःचं समाधान होतं.

पहिले दोन महिने मी प्रत्येक रेड वाइन यातच ओतली. नवं खेळणं हातात आलं की होतं तसं. मग शंका यायला लागली की हा फरक जिभेला कळतोय की अठराशे रुपयांच्या काचेला? म्हणून बायकोला कामाला लावलं. अर्धी बाटली डिकँटरमध्ये, उरलेली बाटलीतच झाकण लावून. तासाभराने तिने स्वयंपाकघरात दोन ग्लास भरायचे, तळाला खुणेचा कागद चिकटवायचा आणि मला न सांगता पुढे ठेवायचे. असं सहा वेळा केलं. तरुण, दणकट, लाकडी पिंपात मुरलेल्या कॅबरने-शिराझ जातीच्या द्राक्षांच्या तीन बाटल्यांत तिन्ही वेळा ओळखलं. हलक्या, फळाळ, रोज पिण्याच्या तीन बाटल्यांत एकदाच. म्हणजे नाणेफेकच. "अहो, तुमचा चेहरा दोन्ही ग्लासांना सारखाच होता," हे वर ऐकून घेतलं ते वेगळं.

त्या दणकट वाइनमध्ये नेमकं काय बदलतं, हे भाच्याकडून समजून घेतलं. माझा समज होता की हवेने टॅनिन मऊ होतं, टॅनिन म्हणजे ते जांभूळ खाल्ल्यावर तोंड आकसतं तसं. तास-दोन तासांत टॅनिन फारसं हलत नाही. हलतो तो वास. बाटलीत कोंडलेले गंधकाचे उग्र वास उडून जातात, मागे दडलेलं फळ पुढे येतं, आणि नाकाला फळ मिळालं की जिभेलाही तीच वाइन मऊ वाटते. फ्राटेली कंपनीच्या, अकलूजच्या 'सेट्टे' वाइनमध्ये हे सगळ्यात स्वच्छ कळलं. संजोवेझे आणि कॅबरने सॉव्हिन्यॉन द्राक्षांचं मिश्रण. ओतल्या ओतल्या लाकूड आणि मसाला, पाऊण तासाने त्यातून काळी चेरी वर आली. दीड तासाने मात्र पुढे काही झालं नाही. तिथे थांबायचं, हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं. दर वीस मिनिटांनी घोटभर चाखायचं, एवढाच उपाय.

एका बाटलीने (नाव लिहीत नाही, एखादीच तशी निघते) उघडताच उकडलेल्या अंड्याचा वास मारला. स्क्रू कॅपच्या बाटल्यांत हवा कमी शिरते, त्यामुळे असा वास कधीकधी साचून राहतो. डिकँटरमध्ये जोरात हिंदकळून अर्ध्या तासाने निम्मा गेला. उरलेल्यासाठी भाच्याने फोनवर तांबं सांगितलं, कारण तांबं त्या गंधकाला धरून ठेवतं. मी देवघरातल्या पळीकडे नुसतं पाहिलं तर आईने असं बघितलं की गपचूप भांडी बाजारातून नवी पळी आणली, चिंचेने लख्ख घासली आणि ग्लासात दहा-बारा वेळा फिरवली. वास गेला. नुसती फिरवून लगेच काढायची. आंबट वाइन तांब्यात मुरत ठेवायची नाही, ताक ठेवत नाही तशीच.

आता माझा गाढवपणा. मुंबईच्या मित्राने स्पेनच्या रिओहा भागातली 2001 ची ग्रान रेझेर्वा दिली होती. ग्रान रेझेर्वा म्हणजे निदान पाच वर्षं मुरवलेली, त्यातली दोन लाकडात. एवढी जुनी म्हणजे एवढी जास्त हवा, असा हिशोब मी मांडला. मे महिना, बाहेर 43, घरात कूलर. संध्याकाळी सहाला ओतली, पाहुणे आठला. ओतल्यावर पाच मिनिटं जो वास आला तो अजून आठवतो. जुन्या कपाटातलं चामडं, वाळलेलं अंजीर, थोडी तंबाखू. आठ वाजता ग्लासात लालसर, आंबूस पाणी होतं. वास गायब. मित्र सभ्य, "छान आहे" म्हणाला आणि दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला नाही.

भाचा रात्री फोनवर हसलाही नाही, यावरून नुकसान किती मोठं ते कळलं. जुन्या वाइनमध्ये सुगंध उरलेला असतो तोच मुळात तोळामासा. तो हवेत सोडला की परत येत नाही. जुनी वाइन डिकँट करतात ती हवेसाठी नाही, गाळासाठी. वर्षानुवर्षं रंगद्रव्यं आणि टॅनिन एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. तो चोथा दाताखाली कडू लागतो. बाटली एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवायची, मग मानेखाली उजेड धरून न थांबता एका धारेत ओतायचं, आणि गाळाची काळी रेघ बाटलीच्या खांद्याशी आली की हात थांबवायचा. पूर्वी मेणबत्ती धरत, मी मोबाइलचा टॉर्च धरतो. आणि ओतली की लगेच प्यायची. फ्रान्समधल्या बोर्डोचे नामवंत वाइनतज्ज्ञ एमिल पेय्नो तर म्हणत की गाळ असेल तरच डिकँट करा, तेही वाढायच्या अगदी तोंडावर. मी त्यांच्याइतका कडवा नाही, पण त्या 2001 च्या बाटलीनंतर (माझ्या मते ते वर्ष आता शोकाचं) त्यांच्याकडे बराच सरकलो आहे.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण डिकँटरच्या सूचनापत्रकात धुळं नसतं. 'रूम टेम्परेचर'ला प्या म्हणतात ती रूम युरोपातल्या जुन्या घरातली, 16 ते 18 अंशांची. आमच्याकडे ती जानेवारीत मिळते, तेव्हा पारा सहावर उतरतो आणि बैठकीची खोली आपोआप सतराला येते. एप्रिल-मेमध्ये हेच रुंद पोट शत्रू होतं: जेवढी हवा जास्त, तेवढी उष्णताही जास्त. पंचवीस अंशांच्या पुढे साडेचौदा टक्क्यांची रेड नाकात नुसती अल्कोहोल मारते. म्हणून आता बाटली आधी पाऊण तास फ्रिजमध्ये, मग डिकँटर बर्फाच्या पाण्याच्या परातीत. आणि कूलर बंद. त्याच्या ओल्या ताट्यांचा वास एवढा जबरदस्त असतो की त्यापुढे बोर्डो काय नि इटलीची बारोलो काय.

बारोलोवरून आठवलं, नऊ महिन्यांतली सगळ्यात चांगली संध्याकाळ तिचीच. जानेवारीची थंडी, भाच्याने आणलेली 2018 ची बाटली. नेब्बिओलो द्राक्ष, रंग पाहिला तर फिकट, वाटेल हलकी असेल. पहिल्या घोटाला हिरड्या आवळल्या गेल्या. नाकाला नव्या रस्त्याचं डांबर, बाकी काही नाही. तासाने तेच. मी कंटाळलो, भाचा म्हणाला, "मामा, थांबा." दुसऱ्या तासाला डांबराच्या मागून वाळक्या गुलाबपाकळ्या यायला लागल्या, आईच्या गुलकंदाची बरणी उघडावी तशा. तिसऱ्या तासाला दोन्ही वास शेजारी बसले होते. टॅनिन होतं तिथेच होतं, पण मटणाच्या चरबीवर ते विरलं. भाजलेलं, सुकं मटण हं. काळ्या मसाल्याच्या रश्श्यापुढे कोणतीच रेड टिकत नाही, आणि भरताबरोबर तर करूच नका. लवंगी मिरचीवर टॅनिन आणि अल्कोहोल म्हणजे आगीत तेल. तीन तास डिकँट करूनही मिरची जिंकली.

त्रासाचं बोलायचं तर धुणं. मानेतून हात जात नाही, साबणाचा वास काचेला धरून बसतो. मूठभर तांदूळ, थोडं व्हिनेगर, कोमट पाणी घालून गोल फिरवायचं. बोअरचं पाणी जड, दोन महिन्यांत तळाला क्षाराचा पांढरा पापुद्रा आला. आता शेवटचं पाणी आरओचं. वाळायला उलटं ठेवायला बादलीत टॉवेल टाकतो, त्याचा स्टँड वेगळा विकतात, तो घेतला नाही. दुसरा त्रास चिलटांचा. घरात केळीचा घड टांगलेला असतोच, वाइनचा वास आला की चिलटं केळी सोडून मानेतून आत. पहिल्या आठवड्यात चार गाळून काढली. तेव्हापासून तोंडाला मलमलीचा तुकडा, रबरबँड लावून.

घ्यावा का? महिन्याला एखादी हलकी रेड उघडत असाल तर ग्लास हातात गोल फिरवा, तेवढं पुरतं. तरुण, दणकट बाटल्या आवडत असतील तर उपयोग आहे, पण आधी सरबताचा काचेचा जग वापरून बघा. मी तीच अंधारातली चाचणी जग आणि डिकँटरमध्येही केली आणि दोनदा चुकलो. फरक एवढाच की जगाकडे पाहुणे बघत नाहीत. शिशाचं जुनं क्रिस्टल घरात असेल तर त्यात वाइन रात्रभर ठेवू नका, शिसं उतरतं.

आमचा सध्या माळ्यावर उलटा आहे, मलमलीसकट. माझ्या दुकानात पेरणीची गर्दी, बियाण्याच्या थैल्यांपुढे कुणाला वेळ आहे. भाच्याने आणखी एक बारोलो पाठवली आहे, ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुड्यांमागे. आई दर दोन दिवसांनी विचारते की ती कोपऱ्यातली बाटली कधी निघणार, मला कैऱ्या ठेवायच्या आहेत. डिसेंबर म्हटलं की गप्प होते, बाटली एक इंच मागे सरकवते.