अकरा वर्षांचा गीझर काढला, आठ महिने नवा वापरला

गेल्या दसऱ्याला आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरात १५ लिटरचा नवा स्टोरेज गीझर बसवला. त्याला आता आठ महिने होत आले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते टाकीच्या कुठल्याही गीझरला लागू पडतं. जुना कधीपर्यंत दुरुस्त करत राहायचा आणि कधी थांबायचं, एवढाच प्रश्न आहे.

जुना अकरा वर्षं चालला. त्यात दोनदा कॉइल बदलली, एकदा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग. ते पैसे वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही. कॉइल, थर्मोस्टॅट, वॉशर, व्हॉल्व्ह हे बदलायचेच भाग आहेत, त्यातलं काही गेलं म्हणून अख्खा गीझर टाकू नये. माझं दुर्लक्ष झालं ते पाण्याकडे.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेला महापूर आला, उपसा केंद्रांत पाणी शिरलं आणि आमच्या नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं. तेव्हा बाथरूमची लाइन बोअरच्या टाकीला जोडून घेतली. पूर ओसरला, नळ सुरू झाले, लाइन मात्र तशीच राहिली. बोअरचं पाणी जड, क्षारांचं. बादलीला पांढरे डाग, शॉवरची भोकं बुजलेली, हे रोज डोळ्यांसमोर होतं. तेच पाणी गीझरच्या पोटात काय करत असेल, हे मनात आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात गरम नळाला सकाळचं पहिलं तांब्याभर पाणी तांबूस यायला लागलं. थंड नळ सोडला तर पाणी स्वच्छ. आमचे सगळे पाइप प्लास्टिकचे, त्यामुळे गंज कुठला हे ओळखायला वेळ लागला नाही. पुढच्या आठवड्यात गीझरच्या खालच्या झाकणाच्या कडेला ओल दिसली. उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या फिटरमामांना बोलावलं.

मामांनी खालची प्लेट उघडली तेव्हा अंड्याच्या टरफलांसारखे पापुद्रे पडले, चांगले दोन वाट्या. मग त्यांनी एक बारीक तार माझ्या हातात ठेवली, उदबत्तीच्या काडीएवढी. म्हणाले, "वहिनी, हा अॅनोड रॉड हाय. नवा असताना बोटाएवढा जाड असतो." हा रॉड मॅग्नेशियमचा. टाकीच्या लोखंडाआधी तो स्वतः झिजतो, म्हणून टाकी वाचते. तो संपला की टाकीच्या आतल्या काचेच्या अस्तराला जिथे बारीक तडा असेल तिथून पाणी थेट पत्र्याला खायला लागतं. अकरा वर्षांत कुणीही तो बदलला नव्हता. मीही विचारलं नव्हतं, कारण असं काही आत असतं हेच माहीत नव्हतं.

"वेल्डिंग करून चालंल का?" मी विचारलं. "टाकीच घाम गाळाय लागलीया वहिनी. वेल्डिंगच्या आचेनं आतलं अस्तर जातंय, म्हैन्याभरात दुसरीकडनं गळंल. आता ह्यात पैसं घालू नका." मला हे लगेच पटलं. पाणी सांध्यातून किंवा वॉशरमधून येत असेल तर दुरुस्ती, टाकीच्या पत्र्यातून येत असेल तर गीझर बदलायचा. वय त्यानंतर बघायचं.

मामा खरे हादरले ते दुसऱ्याच गोष्टीनं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारलेलं होतं. काही वर्षांपूर्वी तिथून थेंब पडतात अशी तक्रार केली होती, तेव्हा सर्व्हिसला आलेल्या माणसानं ते मारलं असणार. आमच्या आजीच्या तांब्याच्या बंबाचं तोंड उघडं असायचं, पाणी फुगलं तर वर यायचं, वाफ निघून जायची. गीझरची टाकी बंद. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण २०० मिली जास्त जागा मागतं. ते परत लाइनीत जाऊ शकत नसेल तर व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडायला हवं. थर्मोस्टॅटही चिकटला तर बूच मारलेली टाकी फुटू शकते. घरात लहान मुलं अंघोळ करतात. आपल्या गीझरचा व्हॉल्व्ह मोकळा आहे का, हे आजच बघा.

आता नव्याबद्दल. २००० वॅटला १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला हिशेबानं २१ मिनिटं लागतात. जानेवारीत मी घड्याळ लावून बघितलं, २३ लागली. जुन्यालाही जवळपास तेवढीच लागायची. क्षार चढले की बिल दुप्पट होतं असं दुकानात सांगतात, पण आमच्या बिलात तसा फरक दिसला नाही, आणि दिसायचं कारणही नाही. कॉइल खेचते ती वीज शेवटी पाण्यातच जाते. क्षाराच्या थराखाली ती आपली उष्णता पाण्याला लवकर देऊ शकत नाही, आतल्या आत तापते आणि जळते, तो खरा तोटा.

स्टारचंही तसंच. गीझरवरचे स्टार साठवलेलं गरम पाणी किती उष्णता गमावतं त्यावर ठरतात. एकाची अंघोळ करून बटण बंद करणाऱ्याला फरक थोडाच पडेल. आमच्याकडे पहाटे पाचला सासूबाई उठतात आणि नऊपर्यंत कुणी ना कुणी असतंच, म्हणून पाच स्टार घेतला. सकाळी बंद केलेल्या गीझरचं पाणी संध्याकाळी भांड्यांपुरतं अजून कोमट मिळतं, हे मला फार आवडलं. गीझरवर समोर तापमानाचे आकडे दाखवणारी पट्टी आहे, तिचा उपयोग नाही, उन्हात ती दिसतच नाही.

वॉरंटी कार्डावर टाकीला ७ वर्षं, कॉइलला ४. अॅनोड रॉड वॉरंटीत नाही, आणि हे अगदी बारीक अक्षरात छापलंय. सहा महिने झाल्यावर कंपनीच्या माणसाकडून पैसे भरून गीझर उघडून घेतला. बोअरच्याच पाण्यावर होता, रॉडला खड्डे पडले होते, तळाशी मूठभर पापुद्रे. त्याच दिवशी मामांकडून लाइन कॉर्पोरेशनच्या पाण्याच्या टाकीवर फिरवून घेतली. पाइप आणि मजुरी मिळून नऊशे रुपये लागले. हे काम २०२१ च्या ऑगस्टमध्येच करायला हवं होतं.

व्हॉल्व्हच्या नळीखाली आता एक छोटा डबा ठेवलाय. रोज सकाळी त्यात थोडं पाणी जमतं, सासूबाई ते तुळशीला घालतात. ज्या दिवशी डबा कोरडा दिसेल त्या दिवशी मामांना फोन करायचा, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.